गृहशिक्षणाची साधने (महाराष्ट्र)

गृहशिक्षणाची साधने म्हणजे मुलाला शाळेऐवजी किंवा शाळेच्या जोडीने घरी शिकवताना वापरली जाणारी पुस्तके, तक्ते, मोजणीच्या वस्तू, खेळ, प्रयोगसाहित्य, प्रसारित कार्यक्रम आणि परिसरातील नैसर्गिक वस्तू होत. महाराष्ट्रात पूर्णवेळ गृहशिक्षण घेणारी कुटुंबे मुख्यतः शहरांत आढळतात. तथापि गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांचे गृहाधारित शिक्षण आणि २०२० मधील शाळाबंदीचा काळ यांमुळे या साधनांचा प्रश्न जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या ग्रामीण भागातील गावांनाही लागू होतो. मराठीतील बहुतेक साधने अल्प खर्चाची आहेत. त्यांतील अनेक विनामूल्य उपलब्ध आहेत, तर काही घरातच तयार करता येतात.

पार्श्वभूमी

शाळा सार्वत्रिक होण्यापूर्वी घर हेच शिक्षणाचे एक प्रमुख ठिकाण होते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे संस्कृत शिक्षण आईवडिलांकडे, प्रामुख्याने आई लक्ष्मीबाई यांच्याकडे, मुखोद्गत पद्धतीने झाले. आनंदीबाई जोशी व रमाबाई रानडे यांना त्यांच्या पतींनी घरी शिकवले. पंतोजींच्या शाळेत आणि घरी धूळपाटी, कित्ता आणि उजळणी ही तीन साधने समान होती. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवले जाई, कित्त्यावरून वळण घोटले जाई आणि उजळणीतून पाढे पाठ केले जात.

विसाव्या शतकात बालशिक्षणाच्या साधनांचा शास्त्रशुद्ध विचार सुरू झाला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मॉन्टेसरी पद्धतीची मूळ साधने महाग असल्याने ती ग्रामीण कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे केलेल्या कार्यात शिंपले, खडे, पाने, फुले, बिया व माती यांपासून पर्यायी साधने तयार करण्यात आली. मुलांच्या अंगणात जाऊन शिकवण्याची ‘अंगणवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची ‘कुरणशाळा’ या कल्पना याच कार्यातून पुढे आल्या. गांधीजींच्या नयी तालीम विचारातही सूतकताई, शेती व स्वयंपाक हे शिक्षणाचे माध्यम मानले गेले होते.

कायदेशीर स्थिती

२००२ मधील ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटातील मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरवला. त्यानुसार बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या अधिनियमाचे कलम १० मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवते, परंतु त्याचे पालन न करणाऱ्या पालकांसाठी शिक्षेची तरतूद नाही. सर्वसाधारण गृहशिक्षणास अधिनियमात स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे. त्यामुळे घरी शिकणाऱ्या मुलाला शाळेत परतण्याचा मार्ग खुला राहतो.

अपवाद आहे तो बहुविध किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांचा. २०१२ मधील दुरुस्तीने अशा मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क दिला. अशा मुलांसाठी घरातील साधने हा पालकांच्या आवडीनिवडीचा नव्हे, तर हक्काच्या अंमलबजावणीचा विषय ठरतो.

वाचन व लेखनाची साधने

पाटी-पेन्सिल, अंकलिपी आणि बाराखडीचा तक्ता ही मराठी घरांतील सर्वांत रूढ साधने आहेत. अंकलिपीत मुळाक्षरे, बाराखडी, अंक, पाढे, वार, महिने व ऋतू यांची माहिती एकत्रित असते आणि ती गावोगावच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत अल्प किमतीत मिळते. तिचा भर पाठांतरावर असल्याने केवळ अंकलिपीवर विसंबून मूल अर्थपूर्ण वाचन करू लागेलच असे नाही. या मर्यादेमुळे अनेक शिक्षणतज्ज्ञांनी ‘अ’ ते ‘ज्ञ’ हा पारंपरिक क्रम सोडून, ज्यांपासून लगेच ओळखीचे शब्द बनतात अशी थोडी अक्षरे व मात्रा गटागटाने शिकवण्याचा आग्रह धरला आहे. उदाहरणार्थ, क, म, ल, र ही अक्षरे आणि काना एवढ्यावर ‘कमल’, ‘काम’, ‘माल’, ‘कार’, ‘मामा’, ‘काका’ असे शब्द वाचता येतात. जुन्या लग्नपत्रिका किंवा खोक्यांचे पुठ्ठे कापून अशी अक्षरकार्डे घरी तयार करता येतात.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, अर्थात बालभारती, या संस्थेची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी झाली. तिची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. याच संस्थेचे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून प्रसिद्ध होत असून त्याचे जुने अंकही महाजालावर उपलब्ध आहेत.

पूरक वाचनासाठी ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रमय बालपुस्तके आणि नॅशनल बुक ट्रस्टची अल्प किमतीची पुस्तके वापरली जातात. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या माधुरी पुरंदरे यांचे ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ हे संच भाषाशिक्षणासाठी विशेष उल्लेखनीय आहेत. ‘वाचू आनंदे’मध्ये मराठी साहित्यातील वेचे आणि चित्रकलेचे नमुने एकत्र येतात, तर ‘लिहावे नेटके’ लेखनाची व व्याकरणाची तयारी करून घेते. प्रथम बुक्सच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मुक्त परवान्याखाली वाचता व छापता येतात. पालकांसाठी पुण्यातून १९८७ पासून प्रसिद्ध होत असलेले ‘पालकनीती’ हे मासिक मार्गदर्शक ठरले आहे.

मौखिक साहित्य हेही भाषेचे साधन आहे. उखाणे, कोडी, म्हणी, बडबडगीते आणि जात्यावरच्या ओव्या यांतून मुलाचा शब्दसंग्रह वाढतो. गी पॉइत्व्हाँ व हेमा राईरकर यांच्या प्रकल्पातून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या असून त्यांत मराठवाड्यातील स्त्रियांच्या ओव्यांचाही समावेश आहे. जी आई किंवा आजी स्वतः लिहू-वाचू शकत नाही, ती या साधनांच्या आधारे शिकवणाऱ्याची भूमिका घेऊ शकते.

गणिताची साधने

मराठी संख्यानामांमुळे घरी गणित शिकवताना एक विशिष्ट अडचण येते. ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी व साठ नंतर येतात, मात्र ६३ लिहिताना सहा हा अंक आधी येतो. ‘एकोणसाठ’ म्हणजे साठाला एक उणे, पण लेखनात तिथे पाच व नऊ दिसतात. परिणामी मूल ६३ ऐवजी ३६ लिहिण्याची चूक वारंवार करते. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची पर्यायी रीत दिल्यानंतर राज्यभर वाद झाला. ही रीत मुलांना संख्येची फोड कळावी यासाठी आहे, अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मांडली होती.

या अडचणीवर काड्यांचे गठ्ठे हे सोपे साधन आहे. तुरीच्या किंवा खराट्याच्या समान लांबीच्या दहा काड्यांचा एक गठ्ठा बांधतात. सहा गठ्ठे व तीन सुट्या काड्या समोर ठेवल्या की ६३ मधील सहाचे स्थान नावाच्या उच्चारावर अवलंबून राहत नाही. शंभर मण्यांची माळ, ज्यात दर दहा मण्यांनंतर रंग बदलतो, हेही असेच साधन होय. तिच्यावर मूल पुढे-मागे मोजणे, दहाच्या टप्प्याने उड्या मारणे आणि बेरीज-वजाबाकी शिकते.

चिंचोके मोजणीसाठी वापरले जातात, तसेच ते उभे फोडून त्यांचे फासेही करतात. पांढरी व काळी बाजू पडण्यावरून दान मोजण्याच्या या खेळात बेरीज आपोआप होते. सागरगोटे, सारीपाट आणि सापशिडी यांचा उपयोगही मोजणीच्या सरावासाठी होतो.

जुन्या उजळणीतील पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण या मापांच्या व्यवहारासाठी आवश्यक होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती आल्यावर त्यांचा व्यावहारिक उपयोग कमी झाला. तरीही पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड व अडीच हे शब्द बाजारात रोज ऐकू येत असल्याने अपूर्णांकांची ओळख करून देण्यास ते आजही सोयीचे आहेत. तराजू, मापे, दोरी व भाकरीचे तुकडे ही त्यांची प्रत्यक्ष साधने होत.

विज्ञानाची साधने

टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी तयार करण्याच्या चळवळीत अरविंद गुप्ता यांचे कार्य महत्त्वाचे आहे. काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, चौकोन व घनाकृती बनवण्याची त्यांची पद्धत विशेष प्रसिद्ध आहे. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही आणि चौकोन मात्र तिरका होतो, यावरून छपराच्या कैच्यांत त्रिकोण का वापरतात हे मुलाला हाताने समजते. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके व चित्रफिती विनामूल्य आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘हलकंफुलकं विज्ञान’ ही पुस्तकमाला प्राथमिक वर्गांसाठी आहे. तीत तयार उत्तरांपेक्षा निरीक्षण, चित्र काढणे व प्रश्न विचारणे यांवर भर आहे. संदर्भासाठी महाजालावरील मराठी विश्वकोश उपयुक्त ठरतो.

प्रसारित व डिजिटल साधने

पुण्यातील बालचित्रवाणी या संस्थेने १९८० च्या दशकापासून मराठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. ही संस्था पुढे बंद झाली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या शासकीय मंचाशी पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेत जोडलेले आहेत. २०२० मध्ये करोना साथीमुळे शाळा बंद झाल्यावर दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरातील वस्तू वापरून आणि कुटुंबीयांच्या साहाय्याने करण्याचे उपक्रम हे तिचे वैशिष्ट्य होते. स्मार्टफोन किंवा महाजाल नसलेल्या घरांपर्यंत पोहोचण्यासाठी दूरचित्रवाणीचा हा पर्याय महत्त्वाचा ठरला.

ग्रामीण परिसर: टेंभुर्णीचे उदाहरण

टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातील गाव आहे. टेंभुर्णी हे एका वृक्षाचेही नाव असून त्याच्या पानांचा उपयोग विड्या वळण्यासाठी होतो. महाराष्ट्रात या नावाची इतरही गावे आहेत. त्यामुळे ग्रामनाम व वनस्पती यांचा संबंध हा परिसर अभ्यासाचा पहिला पाठ होऊ शकतो.

जालना शहर बियाणे उद्योगासाठी ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे महिको ही कंपनी स्थापन केली व १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या भागातील शेतकरी कुटुंबात बियाण्यांची उगवणक्षमता पाहणे ही परिचयाची कृती आहे. शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवणे आणि काही दिवसांनी अंकुरलेल्या बिया मोजणे यातून अंकुरण, नोंद ठेवणे आणि शेकडेवारी हे तीन विषय एकाच वेळी शिकता येतात. इतिहासासाठी शेजारच्या तालुक्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, हे सातवाहनकालीन अवशेषांचे ठिकाण जवळ आहे. तेथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखवते. भूशास्त्रासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराचा उपयोग होतो.

प्रमाणपत्र व परीक्षा

घरी शिकलेल्या मुलासाठी प्रमाणपत्र ही सर्वांत मोठी अडचण असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ मध्ये स्वायत्त झाली. तिच्या प्राथमिक कार्यक्रमाचे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष आहेत आणि पुढे माध्यमिक व उच्च माध्यमिक परीक्षा देता येतात. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. राज्य मंडळाच्या दहावी व बारावीच्या परीक्षेस अर्ज क्रमांक १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते.

२०१६ मध्ये मुंबईतील घरी शिकलेल्या एका विद्यार्थिनीला दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावी उत्तीर्ण असण्याच्या अटीमुळे भारतीय तंत्रज्ञान संस्थांचा मार्ग मात्र तिला बंद होता.

मर्यादा व टीका

साधने स्वस्त असली तरी ती वापरण्यासाठी मोठ्या माणसाचा वेळ लागतो. मजुरीवर जाणाऱ्या कुटुंबात हा वेळ पुस्तकांपेक्षाही दुर्मीळ असतो. ‘मुलगी घरीच शिकते’ या शब्दांआड शाळागळती, घरकामाचा भार किंवा बालविवाह दडलेला असू शकतो, म्हणून ग्रामीण भागात गृहशिक्षणाकडे सावधपणे पाहिले जाते. शाळेत मध्यान्ह भोजन, समवयस्कांचा सहवास आणि भिन्न जातिधर्मांच्या मुलांशी परिचय मिळतो. घरातील साधने यांची भरपाई करू शकत नाहीत. दुसरीकडे, शाळेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या अपंग मुलासाठी घरी आलेला विशेष शिक्षक, स्पर्शाने ओळखता येणारी अक्षरे आणि चित्रकार्डे हाच शिक्षणाचा एकमेव मार्ग असतो. म्हणून साधनांची उपयुक्तता त्यांच्या किमतीवर नव्हे, तर मूल कोणत्या कारणाने घरी शिकत आहे आणि त्याच्यासोबत कोण बसणार आहे, यांवर ठरते.

हे सुद्धा पहा

बालभारती
नयी तालीम
ताराबाई मोडक
अनुताई वाघ
अरविंद गुप्ता
जाफ्राबाद तालुका