शून्य पाऊस आणि न उघडलेली फाइल

जुलैतल्या एखाद्या दिवशी पर्जन्यछायेतल्या येवल्यापुढे शून्य पाऊस दिसला तर कुणी भुवई उंचावणार नाही. तेच शून्य घाटमाथ्यावरच्या इगतपुरीपुढे दिसलं तर नाशिक जिल्हा ठाऊक असलेला माणूस थबकेल. सॉफ्टवेअरला हा फरक कळत नाही. म्हणून पावसाच्या आकड्यांची फाइल उघडली नाही की तिच्या जागी निमूट शून्य भरून पुढे जाणारा प्रोग्राम मला बंद पडणाऱ्या प्रोग्रामपेक्षा घातक वाटतो. त्याची लबाडी घाटमाथ्यावर कदाचित पकडली जाईल, पर्जन्यछायेत मात्र सहज खपेल.

हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाची दैनंदिन पावसाची आकडेवारी १९०१ पासून मिळते. वर्षाला एक फाइल, पाव अंशाची जाळी, १३५ गुणिले १२९ बिंदू, प्रत्येक आकड्याला चार बाइट. त्यामुळे ३६५ दिवसांची बायनरी फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची भरते. लीप वर्षाची ६९,६६० बाइटने मोठी. तिच्यात स्वतःची ओळख सांगणारा मथळा नसतो, म्हणून डाउनलोड ऑगस्टपाशीच तुटलं तरी ती बिनतक्रार उघडते. उघडण्याआधी आकार मोजणं हाच तिथला उपाय. नेटसीडीएफ या दुसऱ्या प्रकारच्या फाइलची ओळख मात्र सुरुवातीच्या बाइटांतच असते. सर्व्हरने डेटाऐवजी पाठवलेलं वेबपान त्या फाइलच्या नावाने साठवलं गेलं असेल, तर ती वाचणारी लायब्ररी साफ नकार देते. हा नकार उपकारच आहे. तो लपवू नये, तसाच लांबलचक ट्रेसबॅक वापरणाऱ्याच्या अंगावरही ओतू नये. फाइल सापडली नाही, वाचायची परवानगी नाही, फाइल अर्धवट आहे: तिन्हींचे इलाज वेगळे, तेव्हा संदेशही वेगळे हवेत, फाइलच्या पूर्ण पत्त्यासह.

एका खराब फाइलीपायी शतकभराच्या आकडेमोडीचं काम रात्री अडवून ठेवायचं का, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अडवू नये, फाइल वगळावी. पण नुसती लॉगमध्ये नोंद करून भागत नाही, कारण लॉग सहसा कुणी उघडत नाही. निकालाच्या कोष्टकातच त्या वर्षाची जागा रिकामी दिसावी आणि सरासरी किती वर्षांची आहे ते शेजारी छापावं. हवामान विभागाच्या या बायनरी फाइलींत नसलेल्या आकड्याची खूण −९९९ आहे. ती चुकून बेरजेत आलीच, तर उणे पाऊस पाहून चूक बहुधा लगेच ध्यानात येते. शून्याकडून ती अपेक्षा नको. आपला प्रोग्राम सोपवण्याआधी त्याला एकदा मुद्दाम अर्धी कापलेली फाइल देऊन पाहा.