‘संस्कृती’ या संज्ञेचे दोन अर्थ

प्राचीन मानवी समाजांविषयी मराठीत लिहिताना ‘सिंधू संस्कृती’ आणि ‘जोर्वे संस्कृती’ हे दोन्ही शब्दप्रयोग आपण सारख्याच सहजतेने करतो. पहिल्यात आखीव रस्त्यांची, पक्क्या विटांची व लेखांकित मुद्रा वापरणारी नगरे अभिप्रेत असतात. दुसऱ्यात प्रवरा, घोड आदी नद्यांकाठची शेतकऱ्यांची खेडी. शब्द एकच असला तरी दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यास पुराव्यात नसलेले निष्कर्ष केवळ शब्दाच्या आधाराने लेखनात शिरतात. म्हणून त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

पुरातत्त्वातील ‘संस्कृती’ ही मुख्यतः वर्गीकरणाची संज्ञा होय. गॉर्डन चाइल्ड यांनी १९२९ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार भांडी, हत्यारे, अलंकार, घरे व दफनाचे प्रकार असे विशिष्ट अवशेष वारंवार एकत्र आढळले, की त्या समुच्चयास संस्कृती म्हणावयाचे. तिला नाव बहुधा ती प्रथम ओळखली गेलेल्या स्थळावरून मिळते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी हे तेथील ठळक वैशिष्ट्य. तशीच भांडी पुढे नेवासे, इनामगाव आदी ठिकाणी मिळाली आणि हे नाव रूढ झाले.

म्हणजे ‘जोर्वे संस्कृती’ हे अवशेषांच्या समुच्चयाचे नाव आहे, एखाद्या जमातीचे नव्हे. ते लोक कोणती भाषा बोलत, स्वतःस काय म्हणवीत, हे खापरांवरून कळत नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादच्या पांढरीत सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक आढळले. भांडी बदलली म्हणजे माणसे बदलली, असे अनुमान येथे सहज सुचते. परंतु घडणीची रीत व्यापाराने, सोयरिकीने किंवा अनुकरणानेही बदलू शकते. स्थलांतर सिद्ध करावयाचे तर त्यास सांगाड्यांसारखा स्वतंत्र पुरावा हवा.

‘सिंधू संस्कृती’ म्हणताना मात्र आपण समाजरचनेचा एक विशिष्ट प्रकार सुचवीत असतो. नागरी क्रांतीवरील १९५० च्या निबंधात चाइल्ड यांनी अशा समाजाची दहा लक्षणे दिली. मोठी व दाट वस्ती, पूर्णवेळ कारागीर, वरकड उत्पन्नाचे एकत्रीकरण, भव्य वास्तू, लेखन व दूरचा व्यापार ही त्यांपैकी काही. या अर्थासाठी हिंदीत ‘सभ्यता’ हा शब्द आहे. पण मराठीत त्याने शिष्टाचाराचा बोध होतो, शिवाय इतर समाज असभ्य ठरतात. त्यापेक्षा ‘नागर संस्कृती’ ही संज्ञा अधिक निर्दोष वाटते.

तथापि ‘नागर’ नाही म्हणजे साधे, असेही समजू नये. इनामगावी १९६८ साली सुरू झालेल्या उत्खननात पाण्याचा पाट, बांध व धान्याचे कोठार मिळाले. त्याशेजारील पाच खोल्यांचे घर गावच्या नायकाचे असावे, असा तर्क म. के. ढवळीकर यांनी केला. तो मान्य केल्यास नगर व लेखन नसतानाही दर्जाची उतरंड होती, असे म्हणावे लागते. उलट सिंधूच्या नगरांत लेखन असूनही निर्विवाद राजवाडा आढळलेला नाही. तेव्हा चाइल्ड यांची लक्षणे हे गुणांकनाचे कोष्टक नसून पुराव्यास विचारावयाचे प्रश्न आहेत.

प्रबंधलेखन करणाऱ्याने ‘संस्कृती’ हा शब्द योजताना स्वतःस एवढेच विचारावे: आपण वस्तूंच्या समुच्चयाविषयी बोलत आहोत, की समाजाच्या रचनेविषयी? पहिल्यावरून दुसऱ्याकडे जाता येते. परंतु ती वाट पुराव्याने बांधावी लागते, शब्दाने नव्हे.