पृथ्वीच्या पोटातील रवा

थंडीला आरंभ झाला की घरातील तुपाची बरणी नीट न्याहाळून पाहा. वर पिवळसर पातळ तूप आणि तळाशी रवा बसलेला दिसेल. हा रवा म्हणजे तुपाचे बारीक स्फटिक. घट्ट तूप पातळ तुपाहून जड, म्हणून ते तळाला जाते. पाण्याचे मात्र उलटे. बर्फ पाण्यावर तरंगतो. परंतु पाण्यासारखे आडमुठे पदार्थ जगात थोडेच. बहुतेक पदार्थ तुपाच्या पंथाचे आहेत, आणि लोखंडही त्यांतलेच.

घट्ट पदार्थातील कण वर्गातील मुलांप्रमाणे ओळींत बसलेले असतात. उष्णता लागली की त्यांची चुळबुळ वाढते, ओळी मोडतात आणि पदार्थ वितळतो. ओळी मोडून हिंडायचे, तर जागा अधिक हवी. (वर्ग सुटताना हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे!) आता वर्गाच्या भिंतीच चहूंकडून आत दाबल्या तर? हिंडायला जागा उरणार नाही, आणि मुले निमूटपणे ओळींतच बसून राहतील. पदार्थावर प्रचंड दाब असला, की तो वितळवण्यास अधिक उष्णता लागते, ती याच कारणाने.

उघड्यावर लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. पृथ्वीच्या पोटात सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपासून आत जो गाभा आहे, तो मुख्यत्वे लोखंडाचाच. आणि तेथील उष्णता याहून कितीतरी अधिक. भूकंपाच्या ज्या लाटांना द्रवातून जाता येत नाही, त्या तेथे अडतात. यावरून सगळा गाभा द्रवच असावा, असा समज रूढ झाला होता.

या समजाला धक्का दिला डेन्मार्कच्या इंगे लेमान या विदुषीने. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला. सगळा गाभा द्रव असता, तर ज्या ठिकाणी लाटा पोहोचायलाच नकोत, तेथील यंत्रांवर त्यांच्या अस्पष्ट खुणा उमटल्या. लेमानबाई भूकंपांच्या नोंदी कार्डांवर लिहून ओटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवीत. त्या नोंदींशी झुंजून १९३६ साली त्यांनी सांगितले, की गाभ्याच्या आत आणखी एक निराळा गोळा आहे आणि त्याच्यामुळे वळलेल्या लाटा तेथे पोहोचतात. तो गोळा घट्ट आहे, हे पुढे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

त्या गोळ्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे. तेथील उष्णता सुमारे पाच हजार अंशांची किंवा त्याहूनही अधिक; पृथ्वीवर त्याहून तप्त थर नाही, आणि तरीही तो घट्ट! कारण आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, त्याच्या तीस लक्ष पटींहून अधिक दाब त्या लोखंडावर आहे. खोल जावे तशी उष्णता वाढते खरी, पण लोखंडाचा वितळण्याचा अंश त्याहून वेगाने वर सरकतो. बाहेरच्या गाभ्यात उष्णता जिंकते, आतल्या गोळ्यात दाब.

पृथ्वी अतिशय सावकाश निवते आहे. त्यामुळे द्रव लोखंडाचा थोडाथोडा अंश स्फटिक होऊन त्या गोळ्यावर बसतो. वर्षाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. तुपाचा रवाच म्हणा ना! लोखंड असे घट्ट होताना त्यात मिसळलेली हलकी द्रव्ये मागे राहून वर चढतात आणि सारा द्रव ढवळून काढतात. याच घुसळणीतून पृथ्वीचे चुंबकत्व टिकून राहते. सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्भारित कणांपैकी बरेचसे ते बाजूला सारते. आणि तुमच्या हातातील होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळवते, तेही तेच.