तुलनेची सत्तेचाळीस गावे

नवजात बालकांवरील संशोधनाचा विषय निघाला की मला गडचिरोलीतील ती ४७ गावे आठवतात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजातांची घरीच शुश्रूषा करविली. जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शनही त्याच देत. तुलनेच्या ४७ गावांत शासकीय सेवा होती तशीच राहिली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटला होता.

मग त्या ४७ गावांतील अर्भकांचे काय? माझ्या मते, अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई देणे सुरक्षित ठरेल की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून तुलना क्षम्य. उत्तर मिळाल्यानंतरचा विलंब मात्र क्षम्य नव्हे. देशभर आशाताईंमार्फत अशा घरभेटी सुरू व्हायला २०११ साल उजाडले!

उपचाराबाहेर राहण्याची भीती काय असते, ते मी आमच्या मसाटला पाहिले. पूर्वी एका औषधाच्या चाचणीची संमतिपत्रे माझ्याकडे आली होती. एका वारली मातेने माझे बोलणे सुरू होण्यापूर्वीच अंगठा पुढे केला.

“बाई, नाही म्हणालात तरी बाळावर नेहमीचे उपचार होतीलच,” मी म्हणालो.

“खरंच?”

“खरंच.”

तिने हात मागे घेतला, बाळाला पदराखाली घेतले आणि म्हणाली, “मग नको, डागदर.”