फुलांमागचा बांबू

चंद्रपुरातल्या एका स्वागत समारंभात मी फुलांची कमान निरखत होतो. हल्ली गच्च हारांऐवजी शिल्पासारखी मांडणी दिसते : एका बाजूला झुकलेला तोल, मधे मोकळी जागा. या दृष्टीमागे जपानचे इकेबाना आहे; सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ मध्ये सोगेत्सू पंथ काढून त्याला शिल्पाकडे नेले.

देठ रोवायला बहुधा हिरवा स्पंज वापरतात. तो कृत्रिम, मातीत सहज मिसळत नाही. इथल्या जाड भिंतीच्या मानवेल बांबूच्या सांगाड्याला पाण्याच्या नळ्या बांधल्या, तर स्पंजाची गरज उरत नाही. याच बांबूसाठी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेने लढून २०११ मध्ये वाहतूक परवान्याचा अधिकार मिळवला. फुले कोमेजल्यावर सांगाडाच उरतो. तो कुणाच्या जंगलातला, हेही आपण विचारायला हवे.