लायसन्स सर्व्हर सापडेना

सकाळी ८.३०
कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं माझं नेटवर्क दुरुस्तीचं दुकान उघडायच्या आधीच शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून फोन आला. डिझाइन रूममधला पोरगा होता. "दादा, कॅड उघडंना झालंय. लायसन्स सर्व्हरशी कनेक्ट होत नाही म्हणतंय."

मी विचारलं, "शेवटी आकडा काय लिहिलाय?" चौकट आली की लोक ती घाईनं बंद करतात, आणि नेमका आकडा त्याच चौकटीत असतो. विंडोजवर १००६१ असेल तर सर्व्हरचा कॉम्प्युटर सापडलेला असतो, पण ठरलेल्या पोर्टवर लायसन्स वाटणारा प्रोग्रॅम चालू नसतो. १००६० म्हणजे विचारणा गेली, पण उत्तर आलंच नाही. तेव्हा फायरवॉल तरी बघायची, नाहीतर मधली वाट. ११००१ असेल तर त्या नावाचा कॉम्प्युटरच नेटवर्कला माहीत नाही.

"दहा हजार साठ," तो म्हणाला. म्हणजे लायसन्स संपलेलं नव्हतं. केबल टेस्टर आणि लॅपटॉप बॅगेत टाकून निघालो.

सकाळी ९.३०
तावडे हॉटेलपासून हायवेला ट्रॅफिक होतं. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत भट्टी आणि वाळूइतकंच काम आता स्क्रीनवर चालतं. पार्टचं थ्रीडी मॉडेल, पॅटर्न, कोअर बॉक्स, कास्टिंग सिम्युलेशन, सीएनसीचा प्रोग्रॅम, सगळं लायसन्सच्या सॉफ्टवेअरवर. ही लायसन्स महाग, म्हणून कारखाने थोडीच घेतात आणि नेटवर्कवर वाटून वापरतात. ज्याला लागेल त्यानं सर्व्हरकडून घ्यायचं, काम झालं की परत. पण सर्व्हरपर्यंतची वाट बंद झाली की सगळी डिझाइन रूम एकदम बसते.

सकाळी १०.००
मालक दारातच उभे. "कंपनीला फोन लावू का? लायसन्स नवीन घ्यायला लागंल का ओ?"

"थांबा, आधी नेटवर्क बघू."

सर्व्हरला पिंग मारलं तर उत्तर आलं. २७००० पोर्ट तपासला तर तो बंद. पिंग लागलं म्हणून सगळं ठीक असं पुष्कळजण धरून चालतात. पिंगनं फक्त मशीन जागं आहे एवढंच कळतं. काल काय बदललं, असं विचारल्यावर कळलं की संध्याकाळी इंटरनेटवाल्यानं राउटर बदलून दिला होता. विंडोजनं ते नवं नेटवर्क मानलं आणि त्याला 'पब्लिक'मध्ये टाकलं. फायरवॉलमधली लायसन्सची परवानगी मात्र फक्त 'प्रायव्हेट' नेटवर्कपुरती होती.

डिझाइन रूममधल्या एकानं सुचवलं, "फायरवॉलच बंद करून टाका की!" हे मी कुणाच्याही कारखान्यात करत नाही. त्याच नेटवर्कवर गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज असतात, पगार आणि हिशेब असतात. एखादा रॅन्समवेअर शिरला तर सगळ्या फाइली कुलूपबंद होतील. हवी तेवढीच परवानगी द्यायची.

नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, २७००० उघडला, तरी कॅड अडलेलंच. कारण तिथं दोन प्रोग्रॅम असतात. पहिला फक्त दुसऱ्याचा पत्ता सांगतो. खरं लायसन्स देणारा दुसरा, आणि त्याला पोर्ट ठरवून दिला नसेल तर तो दर वेळी सुरू होताना वेगळा घेऊ शकतो. लायसन्स फाइलीत त्याच्या ओळीपुढं कायमचा पोर्ट लिहिला, तोही फायरवॉलमध्ये उघडला, सर्व्हिस पुन्हा चालू केली. कॅड उघडलं आणि पोरगा लगेच अडकलेल्या पॅटर्नच्या दुरुस्तीला लागला.

दुपारी १२.३०
गोकुळ शिरगाव. वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी दुसरा राउटर जोडला होता. एका खोलीचे पत्ते १९२.१६८.१ चे, दुसरीचे १९२.१६८.० चे झाले. एका खोलीतून दुसरीतला लायसन्स सर्व्हर सापडेना, पण इंटरनेट दोन्हीकडं चालू, म्हणून कुणाला राउटरची शंका आली नाही. त्या राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं, केबल लॅन पोर्टात घातली. पाच मिनिटांचं काम.

दुपारी ३.००
लक्ष्मीपुरीत अकाउंटंट ताई घाईत. "दादा, आज वीस तारीख हाय. जीएसटी भरायचाय." मासिक ३बी रिटर्नची तीच मुदत. दुपारी लाइट जाऊन आल्यावर सर्व्हरला राउटरनं नवा आयपी दिला होता, आणि बाकीचे कॉम्प्युटर हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी जुन्याच पत्त्यावर ९९९९ पोर्टला हाक मारत होते. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी राखीव करून ठेवला. आता लाइट कितीदाही जाऊ दे.

संध्याकाळी ५.००
शाहूपुरी. एका जुन्या कॉम्प्युटरची तारीख काही वर्षं मागं गेलेली. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता. घड्याळ मागं गेलं की मुदतीचं लायसन्स नाकारलं जातं, सुरक्षित वेबसाइटही उघडत नाहीत. सेल बदलला, तारीख लावली.

संध्याकाळी ७.००
दुकानात बसून प्रत्येक ठिकाणची नोंद लिहिली. कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. सर्व्हरचं नाव, कायमचा आयपी, दोन्ही पोर्ट, लायसन्स फाइल कुठं आहे आणि तिची मुदत, हे एका कागदावर लिहून सर्व्हरजवळ चिकटवा. लायसन्स ज्या लॅन कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं असतं, तो पत्ताही लिहा. कार्ड बदललं तर नवी फाइल मागवावी लागते. आणि राउटर बदलायला माणूस आला, तर त्यानं जुना काढायच्या आधी नेटवर्कवाल्याला एक फोन करा.