खप आणि यश

जी वस्तु अधिक खपते, तीच श्रेष्ठ मानावी काय? हातांत धरून खेळावयाच्या व्हिडिओ-खेळयंत्रांचा इतिहास या वादांत उद्बोधक आहे.

जपानांतील निन्टेंडो कंपनीनें १९८९ सालीं 'गेम बॉय' हें यंत्र विक्रीस काढिलें. त्याच्या पडद्यास ना रंग, ना स्वतःचा उजेड. पुढच्याच वर्षीं सेगा कंपनीचें 'गेम गिअर' आलें. त्याचा पडदा रंगीत व प्रकाशमान होता. परंतु त्याच्या ६ बॅटऱ्या ३ ते ५ तासांत संपत. गेम बॉय ४ बॅटऱ्यांवर याहून कितीतरी अधिक वेळ चाले, व किंमतीनेंहि स्वस्त होतें. गेम गिअरचा खप सुमारें १ कोटी झाला. गेम बॉयचा, पुढील रंगीत आवृत्तीसह, ११ कोटींवर गेला.

त्याचे योजक गुनपेई योकोई हे जुनें, कसास उतरलेलें तंत्र नव्या कामीं योजीत. आपल्या छत्रपती संभाजीनगरांतील पाणचक्कीचेंहि मर्म हेंच : डोंगरांतील पाणी मातीच्या नळांनीं आणून त्याच्या बळावर जातें फिरविलें जाई.

यावरून दिसेल कीं, खपाचा आंकडा वस्तूचें श्रेष्ठत्व सिद्ध करीत नाहीं. घेणाऱ्याची गरज व ऐपत कोणीं ओळखिली, एवढेंच तो सांगतो. तें यंत्र मुलाच्या हातीं किती वेळ असावें, हें मात्र कोणताहि आंकडा ठरवीत नाहीं. तो विवेक पालकांनीं व विद्यार्थ्यांनींच राखिला पाहिजे.